विद्युत बेंजो

विद्युत बेंजो हे एका हाताने कळा दाबून व दुसऱ्या हाताने तारा छेडून वाजवायचे तंतुवाद्य आहे. बुलबुल तरंग या वाद्याला पिकअप बसवून त्याचा आवाज ध्वनिवर्धकातून ऐकवला जातो, तेव्हा त्याचे हे रूप सिद्ध होते. मुंबई, ठाणे, रायगड व रत्नागिरी या पट्ट्यात ते नुसत्या ‘बेंजो’ या नावाने ओळखले जाते. गणेशोत्सव, गोपाळकाला, शिमगा, हळद व लग्नाच्या वराती यांत हे वाद्य ढोलकी, ताशा, ड्रम व ऑक्टोपॅड यांच्या साथीने वाजते. अशा पथकास ‘बेंजो पार्टी’ म्हणतात. गाण्याची चाल बेंजोवर वाजते आणि पथकात गायक असेलच असे नाही. त्यामुळे गळ्याचे काम या वाद्यालाच करावे लागते. छेडलेला स्वर किती गोड लागतो आणि किती वेळ टिकतो, हे दोन प्रश्न म्हणूनच बेंजोवादकाच्या दृष्टीने मुख्य ठरतात. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न विचारले जातात व त्यांची उत्तरेही बव्हंशी सारखीच आहेत.

नाव

अमेरिकेतील बँजो हे गोल चौकटीवर कातडे ताणलेले, आफ्रिकी मूळ असलेले तंतुवाद्य आहे. कोकणातील बेंजोचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. बलुचिस्तानात याच कुळातील वाद्यास ‘बेंजू’ म्हणतात. उत्तर भारतात ‘बुलबुल तरंग’ हे नाव अधिक रूढ आहे.

इतिहास

बुलबुल तरंगाचा पूर्वज ‘तैशोगोतो’ हे जपानी वाद्य होय. नागोया येथील मोरिता गोरो यांनी ते १९१२ मध्ये तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये तैशो कालखंड सुरू झाला. त्यावरून वाद्याला हे नाव मिळाले. टंकलेखन यंत्राच्या कळा आणि तारांचे पारंपरिक जपानी वाद्य यांचा मेळ त्यात घातलेला होता. तार नेमकी कोठे दाबायची हे शिकण्यात वर्षे घालवण्याची गरज कळांमुळे उरली नाही. स्वस्त, हलके व लवकर हाती येणारे हे वाद्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण आशियात पोहोचले आणि लोकसंगीतात रुळले.

तारेचे कंपन विजेत रूपांतरित करण्याची युक्ती मात्र गिटारकडून आली. जॉर्ज बोशां व अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१–३२ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे चुंबकीय पिकअप असलेली गिटार बाजारात आणली. बोशां यांना तिचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. लोखंडी तारा असलेल्या कोणत्याही वाद्याला हे तत्त्व लागू पडत असल्याने बुलबुल तरंगासही पिकअप बसवणे शक्य झाले. मिरवणुकीच्या गोंगाटात एरवी ऐकूही न येणारे हे घरगुती वाद्य त्यामुळे पथकाच्या अग्रभागी आले.

रचना

बेंजोचा सांगाडा म्हणजे लांबट, पोकळ लाकडी पेटी. तिच्या एका टोकास खुंट्या व दुसऱ्या टोकास तारा अडकवण्याची पट्टी असते. पट्टीच्या अलीकडे घोडी असते व तारा तिच्यावरून जातात. मधल्या भागात धातूचे पडदे आणि त्यांच्यावर स्प्रिंग असलेल्या कळांची रांग असते. कळ दाबली की तिच्या खालची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते आणि तारेची कंप पावणारी लांबी कमी होते. कळा बारा स्वरांच्या क्रमाने, हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या असतात. चालीच्या तारांशेजारी काही तारा कळांच्या कक्षेबाहेर असतात. त्या एकाच स्वरात मिळवलेल्या असून आधारस्वर पुरवतात. डावा हात कळांवर व उजव्या हातात नखी, अशी वादनाची पद्धत आहे.

स्वराची आस व नादगुण

तार छेडल्यावर स्वर मागे रेंगाळत राहतो, त्याला संगीताच्या परिभाषेत ‘आस’ म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारवादक त्यासाठी ‘सस्टेन’ हा शब्द वापरतात. नखीने तारेला दिलेली ऊर्जा तीन वाटांनी खर्च होते : हवेच्या अवरोधात, तारेच्या धातूतील अंतर्गत घर्षणात आणि तारेच्या दोन टोकांतून पेटीत. वादकाला व कारागिराला सर्वाधिक वाव तिसऱ्या वाटेवर मिळतो. टोक जितके भक्कम व घट्ट, तितके कंपन तारेत परतते आणि आस लांबते. टोक सैल, मऊ वा हलते असल्यास ऊर्जा तेथे जिरते.

यातून तंतुवाद्यांतील एक जुना पेच उभा राहतो. विजेविना वाजणाऱ्या वाद्यात तारेची ऊर्जा पेटीत उतरली तरच आवाज मोठा होतो. पण ती जितकी झपाट्याने उतरते तितका स्वर लवकर विझतो. पिकअपमुळे हा पेच सुटतो, कारण आवाज मोठा करण्याचे काम पेटीकडून काढून घेतले जाते. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारची आस लांब असते ती याच कारणाने. बेंजोची पेटी मात्र विजेच्या रूपातही बहुधा पोकळच राहिली आहे.

नादगुण, म्हणजे आवाजाचा पोत, मूळ स्वरासोबत ऐकू येणाऱ्या वरच्या उपस्वरांच्या प्रमाणावर ठरतो. घोडीजवळ छेडल्यास उपस्वर वाढून आवाज धारदार होतो. तारेच्या मध्याकडे छेडल्यास तो गोल व मऊ लागतो. उपस्वर मूळ स्वरापेक्षा लवकर विरतात. म्हणून गंजलेल्या तारेचा आवाज एकाच वेळी बोथटही होतो आणि आखूडही.

आवाज वाढवणे व आस वाढवणे यांतील फरक

ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवला की स्वर अधिक काळ टिकतो, असा समज आढळतो. तो अंशतः खरा असला तरी त्यातून मिळणारा लाभ अल्प असतो. समजा, छेडताना स्वर भोवतालच्या गोंगाटापेक्षा ३० डेसिबलने मोठा आहे आणि दर सेकंदाला १० डेसिबलने विरतो आहे. असा स्वर ३ सेकंद ऐकू येईल. ध्वनिवर्धकाची शक्ती दुप्पट केल्यास पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. म्हणजे आस केवळ ०.३ सेकंदाने लांबते. शक्ती दसपट केली तरी लाभ १ सेकंदाचाच. उलट घोडी, पडदे व तारा नीट करून विरण्याचा वेग सेकंदाला ५ डेसिबलवर आणला, तर शक्ती न वाढवता तोच स्वर ६ सेकंद ऐकू येतो. म्हणून सुधारणेचा क्रम तारेपासून सुरू होऊन ध्वनिवर्धकाशी संपतो.

सुधारणेचे उपाय

तारा : गंज, घाम व धूळ यांमुळे तारेचे वजन जागोजागी असमान होते. मग उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत आणि तार कितीही मिळवली तरी बेसूर वाटते. जुन्या तारा बदलणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय आहे. जाड तार अधिक ताणावर मिळवावी लागते; ती भरदार वाजते, पण कळ दाबण्यास जोर लागतो. चुंबकीय पिकअपसाठी तार पोलादाची हवी, कारण पितळी तारेचा संकेत त्यात जवळजवळ उमटत नाही. खुंटीवर तारेचे वेढे एकमेकांवर न चढवता ओळीने बसवल्यास तार सरकत नाही.

कळा व पडदे : बेंजोत कळ दाबल्यावर तारेचे एक टोक पडद्यावर असते. पडद्यावर खाच पडली असेल किंवा तो पेटीत सैल बसला असेल, तर तार खरखरते आणि स्वर तुटतो. घासून समतल केलेले व पुन्हा गोलाई दिलेले पडदे हा दोष दूर करतात. कळेखालची पट्टी डगमगत नाही ना आणि स्प्रिंग तिला पूर्ण वर उचलते ना, हेही पाहावे लागते. अर्धवट उचललेली पट्टी मोकळ्या तारेला टेकून तिचा आवाज मारते. वादनातही कळ अलगद दाबल्यास स्वर बसका येतो आणि अति जोराने दाबल्यास तार ताणली जाऊन स्वर चढतो. बोट उचलताच आस संपत असल्याने पुढचा स्वर येईपर्यंत कळ धरून ठेवणे ही लांब आसेची पहिली अट आहे.

घोडी : घोडी कठीण व पेटीवर सर्व बाजूंनी टेकलेली असावी. तिच्यावरील खाच तारेच्या जाडीपेक्षा किंचितच रुंद असावी. रुंद खाचेत तार आडवी हलते व झणझणते. घोडीची जागा तपासण्यासाठी मोकळ्या तारेचा स्वर आणि बाराव्या कळेचा स्वर ताडून पाहतात. दुसरा स्वर पहिल्याच्या बरोबर वरच्या सप्तकात यावा. तो चढा असल्यास घोडी पडद्यांपासून थोडी दूर आणि उतरता असल्यास थोडी जवळ सरकवतात. चालीच्या जोडतारा काटेकोर एका स्वरात नसतील, तर त्यांच्या मिश्रणातून लाटा उठतात आणि श्रोत्याला स्वर थरथरल्यासारखा वाटतो.

पेटी : मोठ्या आवाजाच्या भोंग्यासमोर पोकळ पेटी स्वतःच कंप पावू लागते. तो कंप पिकअपमधून पुन्हा ध्वनिवर्धकात जातो आणि शिटीसारखा कर्कश आवाज सुरू होतो. वाद्य भोंग्याच्या तोंडासमोरून हलवणे हा त्यावरील पहिला उपाय आहे. पेटीचे छिद्र झाकणे व सैल झालेले जोड चिकटवणे हे त्यापुढचे उपाय होत.

पिकअप : चुंबकीय पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेढ्यांत वीज निर्माण होते. पिकअप तारेच्या जवळ आणल्यास संकेत वाढतो. परंतु फार जवळ आणल्यास चुंबक तारेलाच ओढू लागतो, आस घटते आणि एकच स्वर दोन स्वरांसारखा डुलतो. काही मिलिमीटर अंतर ठेवून, तेथून थोडे थोडे कमी-जास्त करून योग्य जागा शोधतात. घोडीजवळ बसवलेला पिकअप तीक्ष्ण व दूर बसवलेला भरदार आवाज देतो.

दुसरा प्रकार पिझो पिकअपचा. तो घोडीखाली किंवा पेटीवर चिकटवतात. दाबातील बदल तो विजेत रूपांतरित करतो, त्यामुळे कोणत्याही धातूची तार त्याला चालते. मात्र कळांची खडखडही तो तितक्याच इमानाने टिपतो. त्याच्यासाठी उच्च अवरोधाचा पूर्ववर्धक आवश्यक असतो. तो नसल्यास आवाज पातळ व पत्र्यासारखा येतो.

केबल व गुणगुण : एका वेटोळ्याचा पिकअप वीजवाहिन्यांतील ५० हर्ट्झची गुणगुणही पकडतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन विरुद्ध वेटोळी जोडून ती परस्परांत छाटणारा पिकअप तयार केला. साध्या पिकअपभोवती तांब्याचा पत्रा लावून तो जमिनीच्या तारेला जोडल्यानेही गुणगुण कमी होते. केबल जितकी लांब तितके वरचे उपस्वर त्यात विरतात. मिरवणुकीत वादक व ध्वनिवर्धक यांच्यातील अंतर मोठे असल्यास वाद्याजवळच छोटा पूर्ववर्धक बसवणे श्रेयस्कर ठरते.

प्रभाव-यंत्रे : संकोचक हे यंत्र स्वराचा आरंभीचा आघात दाबते व विरणारी शेपटी उचलते. प्रतिध्वनियंत्र तोच स्वर थोड्या अंतराने पुन्हा ऐकवते. दोन्हींमुळे आस लांबल्याचा प्रत्यय येतो. परंतु खरखरणाऱ्या पडद्याची खरखरही ती तेवढीच लांबवतात. नखीने तार वेगाने वर-खाली छेडत राहणे हा यंत्राविना स्वर लांबवण्याचा मार्ग मेंडोलिनप्रमाणे बेंजोतही वापरला जातो.

हवामानाचा परिणाम : महाड व पोलादपूर

बेंजोचा मोठा हंगाम आणि त्याला सर्वांत घातक ऋतू कोकणात एकत्र येतात. गोपाळकाला व गणेशोत्सव पावसाळ्यात पडतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील तालुक्यांत याची तीव्रता अधिक आहे. पोलादपूर आंबेनळी घाटाच्या तळाशी आहे. त्याच घाटाने महाबळेश्वरला जातात. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरहून महाडकडे वाहते आणि महाडजवळ तिला गांधारी मिळते. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो.

अशा हवेत उघड्या पोलादी तारा थोड्याच दिवसांत काळवंडतात. स्प्रिंगा गंजून कळा अडकतात. लाकूड ओलावा शोषून आडवे फुगते, पेटी किंचित वाकते आणि तारा व पडदे यांतील अंतर बदलते. त्यामुळे उन्हाळ्यात नीट लावलेले वाद्य श्रावणात खरखरू लागते. प्लायवुडच्या पेटीचे थर सुटतात. वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसणे, वाद्य झाकणबंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे, ते भिंतीला वा जमिनीला टेकवून न ठेवणे आणि हंगामाच्या तोंडावर तारांचा नवा संच चढवणे, ही काळजी येथे घ्यावीच लागते. पडद्यांची उंची उन्हाळ्यात नव्हे, तर पाऊस सुरू झाल्यावर तपासणे अधिक योग्य असते.

२२ व २३ जुलै २०२१ रोजी सावित्रीला आलेल्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले व घराघरांत चिखल शिरला. त्याच वेळी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. पुरात बुडालेले वाद्य वाचवायचे असल्यास काही क्रम पाळावा लागतो. प्रथम तारा सैल कराव्यात, म्हणजे ओल्या पेटीवरील ताण जातो. गाळ वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने टिपून घ्यावा. वाद्य उन्हात वा शेकोटीजवळ न ठेवता सावलीत, वाऱ्यावर अनेक दिवस वाळवावे. झटपट वाळवलेले लाकूड तडकते. विजेचे भाग वेगळे करून पूर्ण वाळेपर्यंत ते जोडू नयेत. तारा, स्प्रिंगा व जोडणीच्या वायरी नव्या घालाव्या लागतात. पेटी व पडदे मात्र बहुधा वाचू शकतात.

विद्युत सुरक्षा

वादकाची बोटे धातूच्या तारांवर असतात व त्या तारा बहुधा ध्वनिवर्धकाच्या जमिनीच्या तारेशी जोडलेल्या असतात. जनित्राची किंवा ध्वनिवर्धकाची जोडणी सदोष असल्यास तोच मार्ग प्राणघातक ठरू शकतो. ओला रस्ता व अनवाणी पाय धोका वाढवतात. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा खटका बसवणे, तीन पिनांच्या प्लगमधील जमिनीची पिन कधीही न काढणे आणि उघडे जोड पावसात न ठेवणे हे किमान नियम आहेत. गुणगुण थांबवण्यासाठी जमिनीची तार तोडणे हा उपाय नसून अपघाताचे निमंत्रण आहे. वाद्य व ध्वनिवर्धक यांच्यात बिनतारी यंत्रणा वापरल्यास हा मार्गच खंडित होतो.

तंबोऱ्याशी तुलना

तारेच्या टोकाशी नाद घडतो, हे महाराष्ट्रातील तंतुवाद्य-कारागिरांना विजेच्या कितीतरी आधीपासून ज्ञात आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे सतार व तंबोरा घडवण्याचे प्रसिद्ध केंद्र असून तेथील या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित बाकदार असते. कारागीर ती घासून तार व घोडी यांचा स्पर्श इतका नाजूक करतो की कंप पावताना तार घोडीच्या पाठीवर पुनःपुन्हा टेकते व उपस्वर सतत नव्याने उमलतात. यालाच जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती साधतात. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे स्थिर राहणारे उपस्वर आवाजात नसावेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोरा व वीणा यांत तो लागू पडत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले.

बेंजोत याउलट स्वच्छ, एकाच बिंदूवरील स्पर्श अपेक्षित असतो, कारण द्रुत चालीत प्रत्येक स्वर वेगळा उमटावा लागतो. तंबोऱ्यात जे झणझणणे गुण मानले जाते, तेच बेंजोच्या पडद्यावर दोष ठरते. कारागिरीचे स्थान मात्र दोन्हींत एकच : तार जेथे टेकते ती जागा.

सामाजिक स्थान व ध्वनिमर्यादा

बेंजो पथकांत प्रामुख्याने श्रमिक वर्गातील तरुण वादक असतात व हंगामी सुपाऱ्यांवर पथक चालते. पुस्तकी स्वरलिपीऐवजी ऐकून चाल उचलण्याची परंपरा येथे आहे. मुंबईतील अशाच रस्त्यावरील बेंजोवादकावर रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात रितेश देशमुख यांची मुख्य भूमिका होती.

मिरवणुकांतील ध्वनिमुद्रित संगीताच्या भिंतींशी या पथकांना स्पर्धा करावी लागते आणि त्या स्पर्धेत आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. सणांसाठी वर्षातील मोजक्या दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. भोंग्यांच्या संख्येत बेंजो या भिंतींना गाठू शकत नाही. स्वच्छ पडदा, ताजी तार व घट्ट घोडी यांतून येणारा लांब, बोलका स्वर मात्र कमी आवाजातही ओळखू येतो, आणि हाताने वाजणाऱ्या वाद्याचे वेगळेपण त्यातूनच टिकते.